घासायचं एकदा, ठिणग्या पुन्हा पुन्हा

[दृश्य: जेवणाचं टेबल. थर्माकोल, लोकरीचा मफलर, डब्याचं झाकण, प्लास्टिकचा पेला.]

कंगव्याने कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग तुम्ही शाळेत केलेलाच असणार. आज त्याच्या पुढचा करू. माझ्या मते तो जास्त बुचकळ्यात टाकतो.

टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा सपाट तुकडा टेबलाला चिकटपट्टीने पक्का करा. ॲल्युमिनियमच्या झाकणावर मधोमध पेला चिकटवा, ही झाली मूठ. पेला प्लास्टिकचाच हवा. स्टीलचा घेतलात तर सगळा विद्युतभार हातातून निघून जाईल.

[दृश्य: मफलर धरलेला हात.]

आता थर्माकोल खसाखसा घासा. लोकरीतले इलेक्ट्रॉन थर्माकोलवर येतात आणि तिथेच अडकून बसतात. वर झाकण ठेवा. धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे असतात. खालचा ऋणभार त्यांना वर ढकलतो. झाकणाला बोट लावा. टक्! ते बोटातून पळाले. बोट काढा, मग पेल्याला धरून झाकण उचला. झाकणावर आता धनभार आहे.

[दृश्य: अंधार. टेस्टर अगदी जवळून.]

घरातला टेस्टर घ्या. त्याच्या मागच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवून टोक झाकणाजवळ न्या. आतला निऑनचा दिवा क्षणभर नारिंगी चमकतो. आणि हो, टेस्टर फक्त झाकणापाशीच, भिंतीवरच्या प्लगात नाही. मुलांना हे आधीच बजावा.

हवेतून एक मिलिमीटरची ठिणगी उडायला 3000 व्होल्टच्या वर लागतात. आपण 230 व्होल्टला घाबरतो आणि इथे नुसती चुणचुण होते, कारण भार इतका किरकोळ असतो की त्या एका ठिणगीतच संपतो.

[दृश्य: झाकण पुन्हा थर्माकोलवर.]

खरी गंमत आता. पुन्हा न घासता झाकण ठेवा, बोट लावा, उचला. परत ठिणगी! आणखी एकदा, परत ठिणगी! थर्माकोलवरचा भार झाकणाने घेतलेलाच नाही, त्याने फक्त झाकणातले इलेक्ट्रॉन हुसकले. स्वीडनमध्ये विल्के यांनी 1762 साली हे दाखवलं होतं. पुढे 1775 मध्ये इटलीच्या व्होल्टांनी राळेची वडी आणि धातूची तबकडी घेऊन असंच उपकरण केलं आणि त्याला चक्क ‘कायमचं’ म्हटलं.

मग ही ऊर्जा फुकटची? छे! धनभारित झाकण आणि ऋणभारित थर्माकोल एकमेकांना खेचतात. त्यांना वेगळं करताना तुमचा हात थोडं जास्त काम करतो, त्यातून ही ठिणगी. खात्री करायची तर थर्माकोलची चिकटपट्टी सोडवून बघा. तुकडा हलका असेल तर झाकणाला लटकून तोही वर येतो.

कोकणात जुलैमध्ये हे करायला बसाल तर पदरी निराशाच येईल. दमट हवेत थर्माकोलवर ओलावा धरतो आणि भार टिकत नाही. जानेवारीत, नागपूरकडच्या कोरड्या थंडीत, अंगातला स्वेटर काढतानाच चटचट ऐकू येते. प्रयोगाला तोच मुहूर्त धरा.