उष्ण हवेतले किडे

थंड प्रदेश सोडून उष्ण हवेत राहायला गेलं की फरक आधी कानांना कळतो. रातकिड्यांची किरकिर उकाड्याबरोबर जलद होत जाते. एमॉस डॉलबेअर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये हा संबंध सूत्रात मांडला. कीटकाची हालचाल, भूक, वाढ, सगळं भोवतालच्या तापमानावर चालतं.

म्हणूनच डासांच्या वाढीबाबत थंड प्रदेशातला जुना अंदाज इथे चुकतो. कुंडीखालच्या ताटलीतलं हे पाणी पाहा. दिवसा चावणाऱ्या, पायांवर पांढरे पट्टे असलेल्या एडिस इजिप्ती डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, ओलसर कडेला अंडी चिकटवते. २५ ते ३० अंश सेल्सिअसला अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा पाणी ओतून टाकायलाच हवं. पण नुसतं ओतून भागत नाही. अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. कडा घासून काढा.

आता पहिल्या मोठ्या पावसानंतरची संध्याकाळ. दिव्याभोवती पंखवाले किडे जमलेत. मुंग्या की वाळवी? एक किडा भिंगाखाली घ्या. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, अंगापेक्षा लांब. मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या. कंबर अशी नाहीच. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान, मिशा कोपरात वाकलेल्या आणि कंबर अगदी बारीक.

अंगणातल्या दिव्यावर वाळवी आली म्हणून घाबरायचं कारण नाही. खिडक्या बंद असताना आतल्या बाजूला गळलेले पंख सापडले, तर मात्र वाळवी घरातूनच निघाली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी फवारा मारून मरतात ती फक्त उडालेली. राणी आणि कामकरी वाळवी मातीत किंवा लाकडात तशीच राहते.

भिंतीच्या पायथ्याशी पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या नळ्या शोधा. एका नळीचा मधलाच बोटभर तुकडा मोडा आणि काही दिवसांनी पुन्हा बघा. खिंडार बुजवलेलं दिसलं तर वाळवीची ये-जा चालू आहे. तसंच उघडं राहिलं, तरी ती गेली असं समजू नका, तिने दुसरी वाट धरलेली असू शकते. कीडनियंत्रण करणारा माणूस येईपर्यंत उरलेली नळी झाडून टाकू नका. वाळवी कुठून चढते आणि कोणत्या लाकडात शिरते, हे त्याला त्या नळीवरूनच शोधायचं असतं.