मरून भिंतीवर बदामी हात

नमस्कार श्रोतेहो. गडद भिंत फिकी करायची म्हणजे काय, डबा आणायचा आणि रोलर फिरवायचा, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी एका घरातली गोष्ट ऐकावी.

बैठकीची खोली, भिंती गडद मरून. घरच्यांनी फिका बदामी रंग आणला. दोन हातांत भिंत झाकेल, असं दुकानात सांगितलेलं. पहिला हात ओला होता तोवर सगळे खूश. संध्याकाळी वाळला आणि भिंत झाली गुलाबी! दुसऱ्या हातानं गुलाबीपणा जरा उतरला, पण रोलरचे पट्टे दिसू लागले. रंग जाड बसला तिथे बदामी, पातळ बसला तिथे गुलाबी. मग तिसरा हात, चौथा हात. एक डबा संपला, दुसरा आला. भिंतीचा मधला भाग आता बरा दिसत होता. पण छताच्या कडेला आणि कोपऱ्यांत ब्रशनं दोनच हात दिलेले, त्यामुळे प्रत्येक भिंतीला साडीसारखा गुलाबी काठ.

आता चला दाराच्या चौकटीपाशी. तिथली मास्किंग टेप ओढली, तर टेपेबरोबर रंगही निघाला. वीतभर रुंद, रबरासारखा लवचिक पापुद्रा, चारही हात एकमेकांना चिकटलेले. आणि खाली जुना मरून, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसावं इतका चकचकीत. त्यावर एक ओरखडा नव्हता. तो होता ऑइल पेंट. त्यावर इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळणारा हा बदामी रंग, बसलं होतं, पण त्यानं भिंत धरलीच नव्हती. मग सगळं पत्र्यानं खरवडणं आलं.

म्हणजे चुका दोन झाल्या. चमक मारली नाही, म्हणजे जुन्या रंगाचा चकचकीतपणा घासून घालवला नाही, आणि प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, दिला नाही. पुन्हा सांगतो, चमक मारायची आणि प्रायमर द्यायचा.

खाली कोणता रंग आहे हे ओळखणं सोपं आहे. कापसाचा बोळा सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून भिंतीच्या कोपऱ्यात अर्धा मिनिट चोळा. कापसाला रंग लागला तर खाली पाण्याचा रंग, कापूस स्वच्छ राहिला तर ऑइल पेंट. ऑइल पेंट असेल तर १८० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला वापरायचा पॉलिश पेपर, घेऊन, भिंत ओली ठेवून, चमक जाईपर्यंत घासा. कोरडं मात्र घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि ती धूळ नाकातोंडात जाते. घासण्याआधी साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा काढा, नाहीतर पेपर तो तेलकटपणा भिंतभर पसरवतो. भोकं लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, भरून ती जागाही घासून घ्या.

मग पांढरा प्रायमर, दोन हात, मध्ये साधारण चार तास. फिक्या रंगाला भिंत झाकायची ताकद मिळते ती मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या पूडीमुळे. थर पातळ असला की त्यातून खालचा मरून डोकावतोच. हे झाकायचं काम महागड्या रंगाकडून कशाला करून घ्यायचं? ते प्रायमरचं काम. लाल-मरूनसाठी डाग रोखणारा प्रायमर घ्या, कारण काही लाल रंग वरच्या थरात उतरतात. आणि डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त पाणी घालू नका. पाणी घालून डबा पुरवण्याची सवय रंगाऱ्यांना कुणी लावली कोण जाणे, दुधाचीच गोष्ट ती!

आता हिशोब. १२ बाय १० ची खोली, उंची १० फूट. भिंती ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता सुमारे ४००. एका लिटरमध्ये एका हाताला अंदाजे १०० चौरस फूट धरा. म्हणजे हाताला चार लिटर, प्रायमर आठ लिटर आणि रंगही आठ लिटर. प्रायमरनंतर मरूनची पुसट सावली राहिली तर घाबरू नका, ती रंगाच्या दोन हातांत जाते. ठसठशीत मरून दिसत असेल तर मात्र प्रायमरचा तिसरा हात.

शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावरून रंग ठरवू नका. प्रायमर झालेल्या भिंतीवर दोन फूट बाय दोन फूट लावा आणि सकाळी व रात्री बघा, तोही पूर्ण वाळल्यावर. ओल्या रंगावरून मत बनवलं की काय होतं ते ऐकलंत. खोलीत एकच भिंत वेगळ्या रंगाची ठेवायची फॅशन मला कधी पटली नाही, पण तो विषय वेगळा.

रंगवताना कडा ब्रशनं आणि मधला भाग रोलरनं, पण एका वेळी एकच भिंत, कड ओली असतानाच. आणि जितके हात मध्ये, तितकेच कडेला. पुन्हा सांगतो, जितके मध्ये तितकेच कडेला.

टेप शेवटच्या हातानंतर, रंग ओलसर असतानाच काढा, तिरकी आणि सावकाश ओढून. रंग वाळून गेला असेल तर आधी कडेवरून ब्लेडचं टोक फिरवून घ्या.