लोकरीचं छप्पर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्याकडचा बुरणूस आठवा. त्यात ताणा नाही, बाणा नाही. लोकर नुसती दाबून जमवलेली. किरगिझस्तानातले मेंढपाळ अशाच जाड नमद्यानं अख्खं घर झाकतात. त्याला ते ‘बोझ-उय’, म्हणजे करडं घर, म्हणतात.

यासाठी शरद ऋतूत कातरलेली लोकर उत्तम, कारण ती आखूड आणि कुरळी असते. कच्च्या कातड्यावर पसरून ती बारीक काठ्यांनी झोडपतात. धूळ झडते, गुंते सुटतात, लोकर फुलते. इथे आळस केला, तर एक गाठ शेवटपर्यंत गाठच राहते आणि तिच्या बाजूला नमदा विरळ पडतो. पाऊस नेमका तिथूनच आत शिरतो.

मग ‘चिय’ नावाच्या गवती काड्यांच्या चटईवर लोकरीचे थर लावतात, एक उभा तर पुढचा आडवा. थर हवे त्यापेक्षा मोठेच घ्यावे लागतात, कारण लोकर आटते. वर उकळतं पाणी शिंपडून चटईसकट घट्ट गुंडाळी करायची, दोरानं बांधायची आणि पायांनी ढकलत, लाथाडत फिरवायची.

लोकरीच्या केसावर कौलांसारखे खवले असतात. गरम पाण्यानं ते उघडतात. दाब आणि घर्षण मिळालं की केस मुळाच्या दिशेनं सरकतात, एकमेकांत अडकतात आणि मागे फिरत नाहीत. पाणी थंड असेल, तर मेणचटपणा सुटत नाही आणि नमदा सैल राहतो. सुरुवातीलाच जोर लावला, तर थर घसरून सुरकुत्या पडतात. आणि गुंडाळी एकाच बाजूनं फिरवत राहिलं, तर तुकडा एका दिशेला जास्त आटून वाकडा होतो. म्हणून मधेच उलगडून, दिशा बदलून पुन्हा गुंडाळतात. शेवटी स्त्रिया ओळीनं गुडघ्यांवर बसून कोपरापुढच्या हातांनी ती लाटतात. आम्हाला सगळ्यात कसबाचं काम हेच वाटतं.

तयार नमद्यांची जागा ठरलेली. भिंतीची लाकडी जाळी, ‘केरेगे’, तिच्यावर ‘तुउर्दुक’. छपराच्या दांड्यांवर ‘उझुक’. उझुकची कड तुउर्दुकवर बाहेरून उतरलीच पाहिजे, नाहीतर ओघळ थेट घरात येतो. माथ्यावरचं गोल लाकडी कडं म्हणजे ‘तुंदुक’; किरगिझ झेंड्यावर मधोमध तेच आहे. त्यावरच्या चौकोनी नमद्याच्या चारही टोकांना दोऱ्या असतात. दिवसा तो मागे सारून उजेड आत घेतात, चुलीचा धूर बाहेर सोडतात. सर आली, की दोरी ओढून माथा झाकतात.