खग्रासाची रंगीत तालीम

(नौपाड्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘परदेशातलं खग्रास सूर्यग्रहण : प्रवास आणि छायाचित्रण’. त्यावर बोलणारच आहे, लेन्स आणि फिल्टरसकट. पण आधी मनातलं एक बोलून घेतो, कारण ते राहिलं तर पुढची सगळी माहिती वाया जाईल.

आपण ठाणेकर. गडकरी रंगायतनच्या पायऱ्या न चढलेला माणूस इथे सापडायचा नाही. हौशी नाटकात काम केलेले किती जण आहात? हात वर करा. बघा, दहा-बारा तरी निघाले. आता तुम्हीच सांगा, संवाद पाठ झाले म्हणून कुणी थेट प्रयोगाला उभं राहतं का? आधी वाचन, मग बसून तालीम, मग उभी तालीम आणि शेवटी कपडे, दिवे, संगीत सगळं घेऊन रंगीत तालीम. कारण दार आत उघडतं की बाहेर, हे रंगीत तालमीतच कळतं. खग्रासाचा प्रयोग दोन-तीन मिनिटांचा, फार तर सात-साडेसात मिनिटांचा. उद्या त्याच जागी दुसरा प्रयोग नाही. तरीही माणसं लाख-दोन लाख खर्चून, रजा काढून परदेशी जातात आणि कॅमेऱ्याची पिशवी तिथे माळावर पहिल्यांदा उघडतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. मी जन्मभर वागळे इस्टेटमध्ये टूलरूममध्ये, म्हणजे डाय-साचे बनवायच्या खात्यात काम केलं. ट्रायल घेतल्याशिवाय आमच्याकडून एकही डाय बाहेर पडली नाही. लाखमोलाच्या दोन मिनिटांना मात्र ट्रायल नाही, हे कसं चालेल?

माझं ग्रहणाशी नातं लहानपणीच जुळलं, तेही बंद खिडकीतून. १६ फेब्रुवारी १९८०. खग्रासपट्टा कारवार-अंकोल्यावरून गेला होता, आपल्याकडे खंडग्रास होतं. मुंबईचे रस्ते ओस पडले होते, आमच्या चाळीत खिडक्यांना चादरी लावलेल्या. एका चादरीला भोक होतं आणि त्यातून समोरच्या भिंतीवर उन्हाचा एक कवडसा पडला होता. त्याची चंद्रकोर झालेली मी बघितली. कुणी काही समजावून सांगितलं नाही. पण त्या कोरीने मला धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही.

मग २००९. २२ जुलैला पहाटे सुरतेला खग्रास होतं. एका सहल कंपनीने बस काढली होती. नाव घेत नाही, त्याने काही साधणार नाही. बुकिंगच्या वेळी मी विचारलं होतं, सुरतच का? उत्तर आलं, ‘काका, जवळ पडतं ना.’ आदल्या रात्री तीन हात नाक्याहून निघालो, घोडबंदर रोडने हायवेला लागलो आणि वापीपासून जो पाऊस लागला तो लागलाच. चारच्या सुमारास सुरतेबाहेरच्या एका मैदानावर उतरलो. चिखलात सतरंज्या घातलेल्या. सहा वाजले, उजाडलं आणि सहा-वीसच्या सुमारास उजाडलेलं परत मावळलं. पश्चिमेकडून ढगांच्या पोटाखालून काळोख सरकत आला, इतक्या वेगाने की अंगावर काटा आला. झाडावरचे कावळे एका क्षणात गप्प. सूर्य दिसत नव्हता, तरी ते तीन मिनिटांहून थोडं अधिक काहीतरी विलक्षण होतं. आणि नेमकं त्याच वेळी मैदानाच्या कोपऱ्यातला उंच खांबावरचा दिवा आपोआप लागला. लोकांनी ढगांवर फ्लॅश मारायला सुरुवात केली. आणि आयोजकांच्या माणसाने माईक हातात घेऊन सांगितलं, ‘पोहे तयार आहेत, गरम आहेत तोवर घ्या.’

तुम्ही हसताय, हसा. मला त्या वेळी रडू आलं होतं. त्या माणसाचा दोष नाही, पोह्यांचाही नाही. त्या काळोखात काय करायचं, कसं उभं राहायचं, दिवा कुणी बंद करायचा, याचा विचार कुणी केलाच नव्हता. आणि मुळात जुलैत सुरत निवडली ती जवळ म्हणून. ग्रहणासाठी गाव निवडायचं ते आकाश बघून. अंतर दुसरं, मिनिटं तिसरी. ज्योतिषशास्त्र नव्हे, हवामानशास्त्र. त्या महिन्यात गेल्या वीस-तीस वर्षांत तिथे ढग किती होते, याचे उपग्रहांवरून काढलेले नकाशे मिळतात, ते आधी बघायचे. आणि ते बघूनही गाडी हाताशी ठेवायची, कारण सरासरी म्हणजे हमी नाही. ८ एप्रिल २०२४ ला अमेरिकेत टेक्सासचं आकाश उत्तम राहील असं नकाशे सांगत होते. प्रत्यक्षात टेक्सासात बऱ्याच ठिकाणी ढग आले आणि ज्या व्हरमाँटला नकाशात वाईट गुण होते तिथे आकाश स्वच्छ होतं.

२०१७ साली मुलगा अमेरिकेत होता म्हणून २१ ऑगस्टचं ग्रहण गाठता आलं. ओरेगॉन राज्यात एक छोटं गाव आहे, नाव मद्रास. तिथे आकाश निरभ्र. सकाळी दहा-एकोणीसला खग्रास, दोन मिनिटांहून किंचित जास्त. मी घरी तयारी केली होती. गच्चीवर महिनाभर फिल्टर लावून सूर्याचे फोटो काढले होते, एक्सपोजर वहीत लिहिलेलं. पण खग्रास लागला की फिल्टर काढावा लागतो, आणि तो *काढायची* तालीम एकदाही केली नव्हती. फिल्टर आट्यांचा, स्क्रूसारखा फिरवून बसवायचा. पहाटे गारठ्यात बधिर बोटांनी तो घट्ट आवळला. तासाभराने ऊन तापलं. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम, पाऊण मिलिमीटरचा बारीक पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर तेवढंच. टूलरूमवाल्यांना पुढचं सांगायला नको, आटे पकडले. पश्चिमेला माउंट जेफरसनचं बर्फाचं शिखर आधी काळवंडलं, पाठोपाठ सावली आमच्यावर आली, हिऱ्याची अंगठी झळकली, आणि मी फिल्टर पिळतोय. जोर लावला तशी फोकस रिंगही फिरली. ही शेजारी नुसती उभी होती, हातात काही नाही. ती ओरडली, ‘अहो, ते सोडा, वर बघा!’ मी वर बघितलं तेव्हा चाळीसेक सेकंद उरली होती.

ते चाळीस सेकंद सांगतो. मध्ये काळी तबकडी. काळी म्हणजे साधी काळी नाही, आकाशाला भोक पाडल्यासारखी. तिच्याभोवती मोत्याच्या रंगाचं प्रभामंडळ, त्याचे तीन लांब पिसारे बाहेर गेलेले. कडेला डाळिंबाच्या दाण्याएवढी गुलाबी ठिणगी, ती सौरज्वाला. चहूबाजूंनी क्षितिजावर एकाच वेळी संध्याकाळ. यातलं एकही माझ्या फोटोत नाही. सगळे फोटो पुसट. पण हिने जे दोन मिनिटं बघितलं ते ती आजही जसंच्या तसं सांगते.

हे बघा, हे मी सोबत आणलंय. पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या, फक्त फिल्मला बोट लावू नका. परत आल्यावर मी केलेली फिल्टरची टोपी. पीव्हीसी पाइपचा तुकडा लेथवर धरून आतून वाढवला, आतल्या बाजूला फेल्टची पट्टी चिकटवली आणि तोंडावर सौर फिल्म बसवली. फिल्म ताणायची नाही, थोडी सैल राहिली तर चालते. लेन्सवर सरकवली की वाऱ्याने निघत नाही आणि दोन बोटांनी ओढली की एका क्षणात हातात. आटे नाहीत, फिरवणं नाही. बाजूला लाल दोरा लोंबतोय ना, तो काळोखात चाचपून सापडावा म्हणून.

आता तालमीबद्दल एक आपल्या कोकणातली गोष्ट. विजयदुर्गावर साहेबाचे ओटे दाखवतात आणि सांगतात की नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ च्या ग्रहणात इथून हेलियम शोधला. मला विजयदुर्गाचा अभिमान आहे, म्हणूनच हे खटकतं. १८ ऑगस्ट १८६८ ला ते ग्रहण बघायला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि त्याच ऑक्टोबरात त्याने ग्रहणाशिवाय तिथूनच सूर्यज्वालांचा वर्णपट घेतला, हेलियमचा माग त्यातूनच लागला. विजयदुर्गावर तो खरोखर आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रासासाठी. त्याच दिवशी आपल्याच महाराष्ट्रात जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला उपकरणं लावून उभे होते. खरी गोष्ट दंतकथेपेक्षा मोठी आहे, ती का सांगू नये? आणि विजयदुर्गावर लॉकयरने केलं काय? मेलपोमिनी या युद्धनौकेवरच्या खलाशांना एकेक काम वाटून दिलं आणि ग्रहणाआधी त्यांच्या तालमी घेतल्या. कुणी वेळ मोठ्याने मोजायची, कुणी कॅमेऱ्याची प्लेट बदलायची, कुणी फक्त प्रभामंडळाचं चित्र काढायचं. विज्ञानातलं अक्षर न शिकलेले खलाशी दोन मिनिटांत चुकू नयेत म्हणून. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर ग्रहणाची रंगीत तालीम झाली आहे, मंडळी.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग झटपट घेतो. ज्यांना लिहून घ्यायचंय त्यांनी घ्या.

सोमवार, २ ऑगस्ट २०२७. सुरतेचंच ग्रहण परत येतंय. एकाच कुळातली ग्रहणं १८ वर्षं, ११ दिवस आणि ८ तासांनी येतात, त्याला सॅरोस म्हणतात. त्या आठ तासांत पृथ्वी तृतीयांश फिरते म्हणून पट्टा पश्चिमेला सरकतो. या वेळी तो दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी, येमेन, सोमालिया असा जातो. ठाण्यातून खंडग्रास आहे, पण ऑगस्टच्या ठाण्यात सूर्य दिसला तर. माझी निवड लक्सर. ऑगस्टात तिथे ढग जवळजवळ नसतातच आणि खग्रास सहा मिनिटं वीस सेकंदांच्या आसपास. कैरोहून पुढे विमान किंवा रेल्वे. जेद्दाहला नातेवाईक असतील तर तोही चांगला पर्याय, तिथेही सहा मिनिटांच्या घरात. राहायची सोय आज करा, उद्यावर टाकू नका. लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानात, चेक-इनमध्ये नाही. ड्रोन नेऊ नका, इजिप्तमध्ये परवानगीशिवाय बंदी आहे. फिल्टर कडक डब्यात.

लक्सरला ऊन चाळीस अंशांचं, दुपारी एकची वेळ. कॅमेऱ्यावर पांढरा ओला नव्हे, पांढरा *कोरडा* पंचा. सूर्य ८२ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर. सगळ्यांची फजिती इथे होणार आहे. साध्या ट्रायपॉडवर लेन्स एवढी वर वळवली की कॅमेऱ्याची पाठ ट्रायपॉडच्या पायाला अडते. व्ह्यूफाइंडरखाली डोकं जात नाही. वळणारा स्क्रीन हवा. आणि इतक्या उंचीवर सहा मिनिटांत ट्रायपॉडचं डोकं आडवं दहा अंश फिरवावं लागतं.

लेन्स ४०० ते ६०० मिलिमीटर. सूर्याचं चित्र लेन्सच्या लांबीला साधारण १०९ ने भागून येतं, ५०० ला साडेचार मिलिमीटर. प्रभामंडळ त्याच्या कितीतरी पट पसरतं, त्याला जागा सोडा. लेन्सचं छिद्र एफ ८, कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ १०० धरा. सौरज्वालांना एक हजारांश सेकंद, आतल्या प्रभामंडळाला शंभरांशच्या आसपास, बाहेरच्या पिसाऱ्यांना अर्धा ते एक सेकंद. सगळं एका फोटोत येत नाही, म्हणून ओळीने सगळी एक्सपोजर घ्यायची आणि मग जोडायची. सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, म्हणून ट्रॅकरशिवाय, म्हणजे सूर्यामागे कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राशिवाय, लांब एक्सपोजर पुसट येतं. ट्रॅकर असेल तर ध्रुवाची उंची इथे १९ अंश, लक्सरला साडेपंचवीसच्या वर, तेवढं बदला. फोकस सूर्यावरच्या डागांवर किंवा सूर्याच्या कडेवर जुळवून चिकटपट्टीने रिंग बांधून टाका. फिल्टर लेन्सच्या पुढे, मागे कधीही नाही. डोळ्यांना आयएसओ १२३१२-२ या मानकाचे ग्रहणचष्मे. एक्स-रे फिल्म नको, काजळ धरलेली काच नको. फक्त पूर्ण खग्रासात चष्मा काढायचा, आणि तेव्हा मात्र काढायचाच. सहातली चार मिनिटं कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, ही माझी विनंती समजा. रिमोट टायमर लावा आणि वर बघा.

घंटा वाजली. एकच मिनिट द्या. एप्रिलच्या विसाव्याच्या आसपास ठाण्यात दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी सूर्य ८२ अंशांवर दक्षिणेला असतो. लक्सरला २ ऑगस्टला असेल तिथेच. उन्हाळा, आकाश मोकळं. १८ एप्रिल २०२७ ला रविवार आहे. आमच्या सोसायटीची गच्ची मी सेक्रेटरींकडून मागून घेतली आहे. सगळं सामान घेऊन, जे नेणार तेच आणि तेवढंच, बारा वाजता या. फोनमध्ये मी माझ्याच आवाजात मोजणी भरून ठेवली आहे: ‘दोन मिनिटं... एक मिनिट... वीस सेकंद, फिल्टर काढा...’ गच्चीवर सूर्य झाकला जाणार नाही, म्हणून तिथे फिल्टर काढायच्या क्षणी लेन्सवर पुठ्ठा ठेवायचा आणि पुठ्ठ्याखाली फिल्टरची टोपी ओढायची, हे विसरू नका. तीन वेळा करू. तिसऱ्या वेळी डोळ्यांना पट्टी बांधून, नुसता हात चाचपत. डोक्याला टोपी, पाणी आणि पायात चपला हव्यातच, गच्चीची फरशी त्या वेळी तापलेली असते. ती पीव्हीसीची टोपी कुणाकडे आहे? हां, मागे आहे का, द्या पुढे.