सहाशेचा व्हॉल्व्ह

[दृश्य : तापीचा काठ, सकाळ. जॅकवेलकडे (नदीतलं पाणी उपसायच्या विहिरीकडे) जाणारा अरुंद पूल. पंपांची घरघर.]

शिंदखेडा-शिरपूरच्या पट्ट्यात तापी चांगली रुंद होते. वरच्या अंगाला चांगदेवजवळ पूर्णा तिला मिळते, आणि येताना अकोला-बुलढाण्याच्या काळ्या रानांची माती घेऊन येते. पावसाळ्यात पाणी चहाच्या रंगाचं होतं. काठावरचे पंप तेच पाणी उपसतात आणि शुद्धीकरण केंद्राकडे जाणाऱ्या मोठ्या लायनीत लोटतात. त्या लायनीवरचा हा व्हॉल्व्ह. आतला व्यास ६०० मिलिमीटर, म्हणून बोलताना ‘सहाशेचा’.

व्हॉल्व्ह का फिरत नाही, असं व्हॉल्व्हमनला विचारलं तर उत्तर ठरलेलं : “जाम शे.” या दोन शब्दांत निदान तीन वेगवेगळे आजार असतात, आणि तिघांचं औषध वेगळं.

[दृश्य : ग्लँडचा क्लोजअप. स्पिंडलवरून थेंब ओघळतात.]

पहिला ग्लँडचा. स्पिंडल, म्हणजे चाकाने फिरणारा आट्यांचा दांडा, जिथून बाहेर येतं तिथे गळती अडवायला दोरीची कडी भरून वर ग्लँड, म्हणजे दोन नटांनी आवळायचं झाकण, दाबलेली असते. गळती दिसली की कुणीतरी एकाच बाजूचा नट आवळतो. ग्लँड तिरकी बसते, दोरी एका अंगाला कोरडी होते, स्पिंडलवर ओरखडे पडतात, आणि पुढच्या वेळी गळती दुप्पट. दोन्ही नट आळीपाळीने, पाव-पाव फेराच आवळायचे. दोरी बदलताना प्रत्येक कडं स्पिंडलभोवती मापून तिरकं कापायचं, आणि एकाचा सांधा दुसऱ्याच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. लांब दोरी तशीच गुंडाळून ठोसणं ही नेहमीची चूक, आणि ती झाकलेली असल्यामुळे दिसतही नाही.

दुसरा आजार गाळाचा. जुन्या घडणीच्या स्लूस व्हॉल्व्हमध्ये, आयएस १४८४६ हे भारतीय मानक ज्याच्यासाठी आहे त्या पितळी बैठकीच्या व्हॉल्व्हमध्ये, पाणी अडवायला वरून खाली सरकणारी पाचर असते आणि ती बसायला तळाशी खोबण असते. पूर्णेची माती नेमकी तिथेच बसते. चाक जड होतं, फेरे कमी भरतात, आणि माणसाला वाटतं अजून जोर हवा. मग चाकात पाइप घालून ओढलं जातं. अशा वेळी वाकतं ते स्पिंडल, नाहीतर नटाचे आटे निघतात. करायचं उलट : पाचर दोन-तीन फेरे वर घ्यायची, खालच्या फटीतून पाणी जोरात वाहू द्यायचं, गाळ धुऊन निघाला की पुन्हा खाली. हे तीन-चारदा. खोबणच नको असेल तर रबर चढवलेल्या पाचरीचा, सपाट तळाचा व्हॉल्व्ह घ्यावा. गढूळ पाण्याच्या लायनीवर आमचं मत सरळ त्याच्या बाजूचं आहे.

तिसरा आजार सगळ्यात फसवा, कारण त्यात बिघडलेलं काहीच नसतं. नुसता दाब असतो.

[दृश्य : कागदावर पेन्सिलीने चाललेला हिशेब.]

लायनीत ६ बार दाब आहे, आणि व्हॉल्व्हच्या पलीकडची बाजू रिकामी. ६०० मिलिमीटरच्या पाचरीवर पाणी एका अंगाने १७ टनांनी रेलतं. पितळेवर पितळ घासण्याचा गुणांक ०.३ धरला तर पाचर हलवायला ५ टनांहून जास्त ओढ लागते. ५० मिलिमीटरचं स्पिंडल, ८ मिलिमीटरचा आटा, त्यात कॉलर आणि ग्लँडचं घर्षण मिळवलं की स्पिंडलवर साधारण ३३० न्यूटन-मीटर पीळ द्यावा लागतो. ६०० मिलिमीटरच्या चाकावर तो जोर कडेला ११० किलोच्या घरात जातो. म्हणजे दोन माणसं, आणि पूर्ण उघडायला ७५ फेरे.

म्हणूनच मोठ्या व्हॉल्व्हच्या पोटाला एक छोटा बायपास व्हॉल्व्ह असतो. आधी तो उघडायचा, पलीकडची लाइन भरू द्यायची, दोन्ही बाजूंचा दाब जवळ आला की मोठं चाक एकटा माणूस फिरवतो. अनेक चेंबरमध्ये बायपास आहे, पण वर्षानुवर्षं त्याला कुणी हात लावलेला नाही. तोही जाम.

[दृश्य : ॲक्च्युएटर. मोटरचा आवाज, स्पिंडल हळूहळू वर येतं.]

माणसाच्या जागी मोटर लावायची ठरली की बरेच जण पाइपचा व्यास सांगून ॲक्च्युएटर, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवणारं मोटरचं खोकं, मागवतात. विचारायचा प्रश्न वेगळा आहे : व्हॉल्व्ह हलण्याच्या पहिल्या क्षणाला, पलीकडची लाइन रिकामी असताना, किती पीळ लागेल? ३३० ला दीडने गुणलं की जवळपास ५००. तेवढ्याचा ॲक्च्युएटर. मग हजाराचा घेतला तर अजून बरं, असंही नाही. व्हॉल्व्हचं स्पिंडल किती पीळ सोसतं तो आकडा व्हॉल्व्ह बनवणाऱ्याकडून लेखी घ्यायचा, कारण पीळ हद्दीबाहेर गेला की मोटर थांबवणारा टॉर्क स्विच ज्या दिवशी चालणार नाही त्या दिवशी मोटर अडेपर्यंतचा सगळा जोर स्पिंडलवर येतो.

टॉर्क स्विच काम कसं करतो ते बघण्यासारखं आहे. आतला वर्म, म्हणजे वर्मव्हील या दातेरी चाकाला फिरवणारा मळसूत्री तुकडा, शाफ्टवर घट्ट बसवलेला नसतो. दोन्ही बाजूंना थाळीसारख्या स्प्रिंगांच्या चवडी, आणि त्यांच्या मधे तो थोडा सरकू शकतो. पाचर अडली की वर्मव्हील फिरेनासं होतं, मग वर्मच बाजूला सरकतो आणि स्प्रिंगा दाबतो. ते सरकणं काही मिलिमीटरचं, पण एका दांड्यातून स्विचपर्यंत पोहोचतं आणि मोटर थांबते. जितका पीळ, तितकं सरकणं. उघडताना मात्र पहिल्या थोड्या प्रवासात हा स्विच बगल देऊन ठेवतात. नाहीतर घट्ट बसलेली पाचर सुटायच्या आधीच मोटर बंद पडायची.

पितळी पाचरीचा व्हॉल्व्ह बंद होताना टॉर्कवर थांबवायचा, रबरी बैठकीचा बटरफ्लाय (पाइपात फिरणाऱ्या तबकडीचा व्हॉल्व्ह) लिमिटवर, म्हणजे ठरलेल्या जागी पोहोचताच मोटर थांबवणाऱ्या स्विचवर. हे उलटं झालं तर पहिला गळतो, दुसऱ्याचं रबर चिरडतं.

[दृश्य : पॅनेलचं उघडं दार. तीन फेजचे दिवे, एक मंद.]

आता खानदेशातली वीज. रब्बीत फीडरवर सगळ्या मोटरी एकदम लागल्या की ४१५ च्या जागी ३३० व्होल्ट मिळतात. मोटरचा पीळ व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे तो उरतो ६३ टक्के. ५०० चा ॲक्च्युएटर तेव्हा ३१५ चा होतो, आणि आपल्याला हवेत ३३०. मोटर गुणगुणते, तापते, हलत नाही. मागवतानाच विचारायचं, ८० टक्के व्होल्टेजला किती देतो. उष्म्याचंही तसंच. साधारण मोटरींचं रेटिंग ४० अंश हवेसाठी असतं, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ गाठतो. पॅनेलवर पत्र्याची सावली हवीच, त्यात वादच नाही.

फेज पलटणं मात्र जास्त धोक्याचं. केळीच्या बागेत फेज पलटली तर मोटर उलटी फिरते आणि पाणी येत नाही, एवढंच. इथे ‘बंद’ दाबल्यावर व्हॉल्व्ह उघडत जातो. ‘उघड’च्या बाजूचे लिमिट आणि टॉर्क स्विच काम करतात, पण ते ‘बंद’चा कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) सोडवत नाहीत. मोटर टोकाला जाऊन रेटतच राहते. म्हणून नवीन जोडणीनंतर व्हॉल्व्ह आधी हाताने अर्ध्यावर आणायचा, ‘बंद’ क्षणभर दाबून स्पिंडलकडे बघायचं. उलटं गेलं तर दोन फेज बदलायच्या. दिशा पक्की झाली की हाताने पूर्ण बंद करून एक फेरा मागे घ्यायचा आणि तिथे बंदचं लिमिट लावायचं. वरच्या टोकालाही तसंच, एक-दोन फेरे राखून. पितळी पाचरीला बंद होताना मोटर थांबवायची ती मात्र टॉर्कवरच.

[दृश्य : डोंगराकडे जाणारी लांब लाइन, वरून.]

सगळ्यात महाग चूक वेळेची. आयएस १३०९५ चा सहाशेचा बटरफ्लाय, ५०:१ चा गिअरबॉक्स, मिनिटाला २४ फेऱ्यांचा ॲक्च्युएटर. पाव वळणाला साडेबारा फेरे, म्हणजे ३१ सेकंद. कागदावर छान दिसतं. पण लाइन १० किलोमीटरची आहे. लोखंडी पाइपात दाबाची लाट सेकंदाला साधारण १००० मीटर धावते, तिला जाऊन परत यायला २० सेकंद लागतात. आणि लांब लायनीत प्रवाह खऱ्या अर्थाने तुटतो तो झडप मिटण्याच्या शेवटच्या पाव भागात, म्हणजे फार तर आठ सेकंदांत. लाट परतायच्या आत पाणी थांबलं. दीड मीटर वेगाच्या पाण्याचा धक्का १५ बारचा, आधीच्या ६ वर. गास्केट उडतात, लायनीतली हवा सोडणाऱ्या एअर व्हॉल्व्हचे चेंडू फुटतात, आणि पाइपच्या दर्जाला शिव्या बसतात.

तोच गिअरबॉक्स मिनिटाला ४ फेऱ्यांच्या ॲक्च्युएटरने चालवला तर तीन मिनिटं लागतात. वेगाचा ॲक्च्युएटर आधीच बसला असेल तर शेवटच्या पाव भागात मोटर थांबत-थांबत चालवणारा टायमर लावता येतो.

वीज गेली तर? विजेवरचा ॲक्च्युएटर असेल तिथेच उभा राहतो. पंप थांबतात, लायनीतलं पाणी मागे फिरतं, व्हॉल्व्ह सताड उघडा. तिथे एनआरव्ही, म्हणजे पाणी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह लागतो, किंवा वजनाचा बटरफ्लाय. त्यात तेलाचा दाब वजन उचलून धरतो. वीज जाताच सोलेनॉइड (विजेवर चालणारी छोटी झडप) तेल सोडतो आणि वजन खाली येतं, बराचसा भाग वेगाने, शेवटचा हळू.

[दृश्य : चेंबर. तळाशी पाणी, केबल त्यातून वर येते.]

पावसाळ्यात हा चेंबर भरतो. खोक्यात पाणी शिरू न देण्याचा दर्जा आयपीच्या आकड्याने सांगतात. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. आयपी ६८ ला किती खोल आणि किती तास हे बनवणारा आणि घेणारा यांनी ठरवायचं असतं, म्हणून ते ऑर्डरमध्ये लिहूनच घ्यावं. तरी पाणी शिरतं ते सहसा खोक्याच्या सीलमधून नाही. केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथली आवळायची कडी) सैल असते, किंवा न वापरलेल्या भोकात कारखान्यातून आलेलं प्लास्टिकचं बूच तसंच राहिलेलं असतं. ते काढून तिथे धातूचा प्लग बसवायचा. केबल आत जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे ओघळणारं पाणी झोळावरून टपकतं.

[दृश्य : चेंबरच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेलं, ‘फेरे ७५’. त्याखाली तारखा. शेवटची पुसट.]

दर महिन्याला एक पूर्ण फेरी, वर आणि खाली, आणि मोजलेले फेरे भिंतीवर. ७५ चे ७१ झाले तर खोबणीत गाळ आहे.