दुसऱ्यांदा मागता येईल असं लेबल

(कोल्हापुरात बचत गट आणि घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय करणाऱ्या महिलांच्या प्रशिक्षणवर्गात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पाकिटं, बरण्या, डबे सोबत आणा असं कळवलं होतं आणि बहुतेकींनी आणलेत, हे फार बरं झालं. माल समोर नसताना लोगोवर बोलायचं म्हणजे नुसत्या गप्पा होतात.

सकाळपासून एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं कानावर आला: "मॅडम, लोगो भारी कसा करायचा?" मी उलट विचारते. तुमचं पाकीट एकदा नेलेली बाई परत दुकानात येते, तेव्हा ती काय म्हणून मागते? नाव घेऊन, असं आपल्याला वाटतं. एखाद्या किराणा दुकानात थोडा वेळ उभ्या राहा आणि ऐका. "परवा नेलं होतं ना, ते लाल पाकिटातलं." "मिरचीचं चित्र आहे बघा, ते." "हिरव्या झाकणाचं." नाव सगळ्यात शेवटी तोंडात बसतं, तेही माल आवडला तर.

हे आजचं नाही. मँचेस्टरहून कापड यायचं तेव्हा ताग्यांवर रंगीत तिकिटं चिकटवलेली असायची. त्यांवर देवदेवता, वाघ, हत्ती, राजे. वाचता न येणारं गिऱ्हाईक चित्र बघून आपला नेहमीचा माल ओळखायचं. आपल्याकडे माकडछाप काळी टूथ पावडर घ्या, गाय छाप जर्दा घ्या. (जर्दा खाऊ नका, लेबल तेवढं बघा.) माकड आणि गाय, बस. गिऱ्हाइकानं मागितलं तेच आणि दुकानदारानं दिलं तेच.

म्हणून चिन्ह ठरवताना मी एकच गोष्ट करायला लावते. कागद बाजूला ठेवा आणि ते चिन्ह फोनवर बहिणीला सांगा. "एकमेकींत अडकलेल्या दोन लाल मिरच्या" हे सांगता येतं. "पानाच्या आत चूल, चुलीतून उगवणारा सूर्य आणि सूर्यात बाईचा चेहरा" हे सांगून होईपर्यंत ती फोन ठेवते. असं चिन्ह रबरी शिक्क्यावर मारलं की नुसता डाग दिसतो. छोट्या धंद्यात शिक्का येतो, एका रंगात छापलेली कापडी पिशवी येते, झेरॉक्स काढलेली बिलं येतात. शिवाय व्हॉट्सॲपचा डीपी. तो गोल असतो, त्यात चौकोनी लोगोचे कोपरे कापले जातात आणि बाकीचं नखाएवढं उरतं. या सगळ्या ठिकाणी जे तगेल तेच चिन्ह. रंग नंतर भरा, आधी काळ्या शाईत बघा.

आणि चिन्ह हवंच असं कुठे आहे? मराठी नाटकांच्या जाहिराती आठवा. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी रेखाटली की पेपरचं पान उलटताना वाचायच्या आधी नाटक ओळखू यायचं. नाव हेच चित्र. ज्यांचा धंदा एका जिल्ह्यापुरता आहे, त्यांना मी बहुतेक वेळा हेच सुचवते. नाव नीट लिहून घ्या. कोल्हापूरला तर हे कुणी शिकवायला नको. बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे, तेव्हापासून या गावात ब्रश धरणारे हात आहेत. फ्लेक्स आल्यावर बोर्ड रंगवणारे पेंटर कमी झाले, पण जे आहेत त्यांच्याकडून तुमचं नाव काळ्या रंगात पांढऱ्या कागदावर लिहून घ्या, स्कॅन करा. तसं नाव जगात दुसऱ्या कुणाकडे नसेल.

फॉन्टच वापरायचा असेल तर चांगले फुकट मिळतात. एक टाइप या संस्थेचे मुक्ता, बलू, मोदक हे गूगल फॉन्ट्सवर आहेत आणि धंद्यासाठी वापरायला मोकळे आहेत. मोदक नावासारखाच गुबगुबीत आहे. मोठ्या नावाला शोभतो, पण त्यात घटक पदार्थांची यादी लिहू नका, काही दिसणार नाही. आणि एक पाहा, बऱ्याच फॉन्टांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. तुमच्या नावात 'लसूण' किंवा 'शेंगदाणा' असेल तर मराठी वळणाचं अक्षर मागून घ्या. गिऱ्हाइकाला काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

आता काय छापायचं नाही ते. या भागात मसाल्यापासून चहापर्यंत सगळ्यावर शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र टाकायची हौस असते. भावना समजते. पण बोधचिन्हे व नावे यांच्या अनुचित वापराला प्रतिबंध करणारा १९५० चा केंद्राचा कायदा आहे, आणि त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र स्पष्टपणे आहे. मालाच्या व्यापारासाठी ते वापरता येत नाही. देवांच्या चित्रांबद्दल माझं मत वेगळ्या कारणानं ठाम आहे. पाकीट रिकामं झालं की कचऱ्यात जातं, रस्त्यावर पडतं, पायाखाली येतं. तिथे गणपती असू नये.

वरची बाजू झाली. माझं खरं दुखणं मागच्या बाजूचं आहे. लोगोसाठी महिनाभर भांडतात आणि मागचा मजकूर प्रेसवाल्याला फोनवर सांगतात! पॅकबंद खाद्यपदार्थावर काय हवं? पदार्थाचं नाव, घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं ते, पोषणमूल्य, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर आणि शाकाहाराची हिरव्या चौकटीतली हिरवी टिकली. तुमच्या पदार्थाला यातून काही सूट आहे का, ते नोंदणी करून देणाऱ्याला विचारा. उतरता क्रम म्हणजे खरोखर उतरता. कांदा-लसूण चटणीत मिरची जास्त असेल तर मिरची आधी, नावात कांदा पहिला असला तरी.

यात एक खोच आहे, ती बहुतेकींना माहीत नसते. ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी सोबत हवी तेवढी छापा, पण फक्त मराठी पुरत नाही. आणि दुकानाच्या बोर्डाचं नेमकं उलट. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही देवनागरी मराठीत नामफलक सक्तीचा आहे, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. म्हणजे बोर्ड मराठीत आणि बरणी इंग्रजीत. हसा, पण दोन्ही पाळा.

'शुद्ध', 'नैसर्गिक', 'ताजं', 'पारंपरिक' हे शब्द सढळ हातानं टाकू नका. खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दलच्या २०१८ च्या नियमांत अशा शब्दांवर अटी आहेत. ब्रँडच्या नावातच असा शब्द असेल तर 'हे केवळ ब्रँडचं नाव आहे' अशा अर्थाची ओळ छापावी लागते. आपल्याच लेबलवर आपल्याच हातानं असं लिहायची वेळ कशाला आणायची?

आता ही बरणी बघा. लोणच्याची आहे, परवानगीनं दाखवते. साधा क्रोमो पेपरचा, म्हणजे चकचकीत कागदाचा, स्टिकर आहे, वर लॅमिनेशन नाही. झाकणाखालून तेल झिरपलं, कागद तेल प्यायला, आणि बरोबर नावाखाली हा पारदर्शक डाग पडलाय. आतलं लोणचं उत्तम आहे, मी खाल्लंय. पण फळीवर ही बरणी जुनी दिसते. तेलाच्या मालाला लॅमिनेशन हवंच, नाहीतर प्लास्टिकचा स्टिकर. श्रीखंड, बासुंदीसारख्या फ्रिजच्या मालाला गमही वेगळा लागतो, साधा गम ओल धरतो आणि कडा सुटतात. आणि खाली निमुळता होत जाणारा डबा असेल तर सरळ पट्टी त्यावर कधीच नीट बसत नाही, सुरकुती येणारच. त्याला कमानीसारखं वळलेलं कटिंग लागतं. डबा सोबत घेऊन प्रेसमध्ये जा, नुसतं माप सांगू नका.

लॅमिनेशन केलं की दुसरा घोळ. त्या चकचकीत पृष्ठभागावर तारखेचा शिक्का वाळत नाही, बोटाला पुसून येतो. तारीख पुसलेलं पाकीट दुकानदार परत करतो. तेव्हा प्लास्टिकवर टिकणारी शाई घ्या, किंवा तारीख, बॅच आणि किंमत यांसाठी लेबलवर बिनलॅमिनेशनची कोरी चौकट ठेवायला सांगा. किंमत आधीच छापून टाकू नका. ब्याडगी मिरचीचा भाव वर्षभर एक राहत नाही, आणि छापलेली किंमत वाढवण्यासाठी वरून स्टिकर लावणं नियमात बसत नाही. कमी करायची असेल तर लावता येतो, तोही जुनी किंमत न झाकता. हजारो लेबलं रद्दीत जाण्यापेक्षा एक कोरी चौकट बरी.

पैशाचं एक गणित करू. डिजिटल प्रेसवर स्टिकरची शीट बहुधा १२ बाय १८ इंचांची असते. तुम्ही तीन इंचांचा गोल मागितला. कागदावर वाटतं, चार आडवे, सहा उभे, चोवीस बसतील. पण कडेला मशीनची जागा सोडावी लागते आणि दोन गोलांत कटिंगची फट लागते. मग तीन आडवे आणि पाच उभे, म्हणजे पंधराच बसतात. आता गोल पाव इंचानं लहान करा, पावणेतीन इंच. चार आणि सहा बरोबर बसतात. शीटचे पैसे तेवढेच, स्टिकर पंधराचे चोवीस. गिऱ्हाइकाला पाव इंच कळतसुद्धा नाही. म्हणून डिझाइन करायच्या आधी माप ठरवायचं, आणि तेही प्रेसवाल्याला विचारून.

सध्या तपकिरी क्राफ्ट पेपरच्या पाउचची फॅशन आहे. छान दिसतो. पण साध्या डिजिटल छपाईत पांढरी शाई नसते. फिका पिवळा, गुलाबी त्या कागदावर मातकट होऊन नाहीसा होतो. क्राफ्टवर काळा किंवा गडद तांबडा, एकच रंग. मग हिरव्या टिकलीचं काय करायचं? ती हिरवीच हवी, तेव्हा तिच्यासाठी दुसरा रंग किंवा वेगळा छोटा स्टिकर धरून चाला. पारदर्शक स्टिकरचंही तसंच, अक्षरांखाली पांढरा बेस मागा.

फाइलबद्दल. डिझाइन व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं आणि छापल्यावर कडा फुटतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि पीडीएफ देण्याआधी सगळी अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकारांत, बदलून घ्या. नाहीतर तुमच्याकडे दिसतं ते प्रेसच्या कॉम्प्युटरवर दिसेलच असं नाही. वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, जोडाक्षर फुटतं. 'खाऱ्या शेंगा' चं 'खार्या शेंगा' झालेलं पाकीट मी मागच्या आठवड्यात बाजारात पाहिलंय. छापायच्या आधी एक प्रत कागदावर काढा आणि घरातल्या चष्मेवाल्या माणसाला मोठ्यानं वाचायला द्या. स्क्रीनवर चूक सापडत नाही.

पैसे घ्यायच्या क्यूआर कोडला सजवू नका. भोवतीची पांढरी जागा राखा, रंगीत पार्श्वभूमीवर टाकू नका, छापल्यावर दोन-तीन फोनवरून पैसे पाठवून बघा. पॅम्फ्लेटवर फार बोलत नाही. पुढे काय विकता, मागे कुठे मिळेल. बास.

एआयवर बनवलेले लोगो काहीजणींनी दाखवले. चित्रं सुरेख आहेत, पण त्यात देवनागरी बघा. दुरून अक्षर वाटतं, जवळ गेलं की कुठलीच मात्रा धड नाही. कल्पना सुचायला वापरा, नाव मात्र माणसाकडून लिहून घ्या. आणि तयार साच्यांच्या ॲपमधलं चित्र तुमच्या एकटीचं नसतं. तेच पान, तीच चूल उद्या सांगलीच्या पाकिटावर दिसली तर तक्रार कुठे करणार? ट्रेडमार्क घ्यायचा असेल तर हे आधीच बघावं लागतं. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. अर्ज केलात की टीएम लिहा. वर्तुळातला आर मात्र नोंदणी हातात आल्याशिवाय छापू नका, तो गुन्हा आहे. पहिल्याच वर्षी धावत जा असं मी म्हणणार नाही. माल दुसऱ्या तालुक्यात जायला लागला की जा.

शेवटचं, पैशांचं. "प्रेसवाला डिझाइन फुकट करून देतो" असं इथे दोघी-तिघी म्हणाल्या. देतो, नाही असं नाही. रात्री काम आवरताना, कालच्या गिऱ्हाइकाच्या फाइलवर तुमचं नाव टाकून देतो. वर ती फाइल त्याच्याकडेच राहते. उद्या त्याचं दुकान बंद झालं की तुमचा लोगोही गेला. डिझाइनचे थोडे पैसे वेगळे द्या, बिल घ्या आणि मूळ फाइल मागून घ्या, कोरेल ड्रॉची किंवा इलस्ट्रेटरची. स्वतःला ईमेल करून ठेवा, मुलाच्या फोनवर नको.

जेवणानंतर आपण टेबलांवर बसू. ज्यांनी पाकिटं आणलीत त्यांनी ती उलटी ठेवा, मागची बाजू वर. आधी एफएसएसएआय नंबर आणि तारखेची जागा तपासू, मग पुढच्या चित्राकडे वळू. लोणच्याच्या बरण्या असतील तर कृपया खाली कागद घाला.