डोझरला दुसरं इंजिन लावताना

नमस्कार मंडळी. आज समोर मिस्त्री आहेत, मशीनमालकही आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

जुन्या डोझरचं इंजिन गेलं, सुटे भाग मिळेनात, की मालक दारूखाना, म्हणजे मुंबईतला जहाजांच्या भंगाराचा बाजार, गाठतो आणि एवढंच विचारतो, "दोनशे एचपीचं आहे का?" हा प्रश्न अर्धाच आहे. दोनशे एचपी किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांना, ते विचारा.

फळ्यावर हिशेब मांडू. 1800 आरपीएमला 200 एचपी म्हणजे जवळपास 80 किलोग्रॅम-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद. तेच 200 एचपी 2200 ला देणारं इंजिन तिथे फक्त 65 देतं. मागे बसलाय टॉर्क कन्व्हर्टर, इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा, आणि तोही जुन्या इंजिनासाठी निवडलेला. त्याची भूक आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढते. ब्लेड अडलं की 1800 ला तो 80 मागत असेल, तर 2200 ला 120 च्या घरात मागणार. 65 वालं इंजिन ते कुठून आणणार? ते दबत जातं. समजा 1700 ला त्याचा टॉर्क चढून 71 झाला, तर कन्व्हर्टरची मागणीही तिथे तेवढीच असते, आणि इंजिन तिथेच अडकतं. हाती येतात 170 च्या आतच एचपी. काळा धूर निघतो, ऑपरेटर म्हणतो, "साहेब, मशीन खेचत नाही." पाटीवर मात्र दोनशेच.

दारूखान्यातलं इंजिन बऱ्याचदा जहाजावरचं असतं. ते समुद्राच्या पाण्यावर थंड व्हायचं, म्हणून त्याला रेडिएटर नसतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवतीही, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळाभोवतीही, पाणी फिरत असेल तर ती उष्णता तुमच्या रेडिएटरवर येते. एकतर मॅनिफोल्ड कोरडा बसवा, नाहीतर रेडिएटर मोठा घ्या. जनरेटरचं इंजिन आणलंत तर त्याचा गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारा भाग, एकाच आरपीएमला, बहुतेक 1500 ला, बांधलेला असतो. डिझेल पंप कॅलिब्रेट करून, म्हणजे नव्याने जुळवून, घेतल्याशिवाय ते डोझरवर चढवूच नका.

आता अ‍ॅडॉप्टर प्लेट. नवं इंजिन जुन्या कन्व्हर्टरला जोडणारी ही प्लेट लेथवर कितीही सुबक केली तरी माझा विश्वास डायल गेजवर, बारीक फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकावर. त्याचा मॅग्नेटिक बेस फ्लायव्हीलवर, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकावर, चिकटवा, गेजचं टोक त्याभोवतीच्या हाउसिंगच्या आतल्या कडेला टेकवा आणि क्रँक हाताने सावकाश पूर्ण फेरा फिरवा. काटा मर्यादेबाहेर हलला तर बोल्ट ढिले करा, हाउसिंग हलकेच ठोकून मध्यावर आणा, पुन्हा मोजा. मगच जागा पक्की करणाऱ्या डॉवेल पिन मारा. हे टाळलं तर मागचं ऑइल सील गळतं, इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणाऱ्या पातळ फ्लेक्स प्लेटला तडे जातात, आणि दोष नव्या इंजिनावर येतो. फार वाईट वाटतं मला तेव्हा. चांगली मशीनं याच कारणाने भंगारात गेलेली मी पाहिली आहेत.

शेवटी स्टॉल टेस्ट, म्हणजे मशीन जागेवर रोखून इंजिनाची ताकद तपासणं. ऑइल गरम झाल्यावर, ब्रेक लावून, वरच्या गिअरात पूर्ण रेस द्या, पण काही सेकंदच. आलेला आरपीएम मशीनच्या मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. कमी आला तर इंजिन पुरत नाही. जास्त आला म्हणून खूश होऊ नका: गिअरबॉक्स आणि फायनल ड्राइव्हवर त्यांना न झेपणारा टॉर्क जातोय. काम सुरू करायच्या आधी पंपाचं डिझेल कमी करून घ्या.